साबणावरचे दात

१

सकाळी जाग आली की ती आधी गुंडीच्या नाकापाशी बोट धरायची. श्वासाची ऊब लागली की मगच उठायचं. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण क्षणभराचाच आहे, पोरीची झोप मोडत नाही आणि कुणाला सांगायची गरज नाही, असा तिने स्वतःशी समझोता केला होता. शिकलेल्या बाईने वेडेपणासुद्धा बेताने करावा. मग दूध, मग डायपर, मग गुंडी आणि गुंडीचा बाप यांच्यात जो जास्त कुरकुर करत असेल त्याची समजूत.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. ती कवळ्या बनवायची. एका इमारतीच्या तळघरातल्या लॅबमध्ये, प्लास्टरच्या धुळीत आणि गरम मेणाच्या वासात, दिवसभर लोकांची तोंडं हाताळायची आणि लोक मात्र तिला कधी दिसायचे नाहीत. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीवर बसवायचा, चावा जुळतो का बघायचा. असाच एकदा एक ठसा आला. पुढच्या दोन दातांत फट, आणि त्यातला एक पाना लागून तुटलेला. त्याला टोपी करताना ती धार घासत एवढी रमली की लॅबचे मास्तर म्हणाले, "दात करतेयस की दागिना?" थोड्या दिवसांनी दाताचा मालक स्वतःच जिना उतरून तक्रार घेऊन आला. दात फार देखणा झालाय, म्हणाला, शेजारचे लाजून आत सरकायला लागलेत.

म्हणजे माणसाच्या आधी तिला दात आवडले होते. हे ती कुणाला सांगायची नाही. त्याला मात्र सांगायची, पुन्हा पुन्हा.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, राहूनही गेलं नव्हतं. नको होतं, एवढंच. त्याच्या खिशात किल्ली असायची, तरी तो रोज संध्याकाळी बेल वाजवायचा आणि दारात उभा राहून विचारायचा, "दातवाल्या बाई आहेत का घरात? येऊ का?" कधी ती म्हणायची, "आज नको, आज तुमचा राग आलाय." मग तो खरंच जिन्यात बसून राहायचा, तिचं मन वळेपर्यंत. रोज विचारायचं आणि रोज हो म्हणायचं. त्यांच्या लेखी लग्न ते हेच, आणि ते शिळं होत नसे.

मग गुंडी आली. येताना अडली. ऑपरेशनला नात्यातल्या माणसाची सही हवी होती, आणि लिफ्टवाला कायद्याने तिचा कुणीच नव्हता. तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाहून बस बदलत येईपर्यंत ती कळा सोसत पडून राहिली, आणि तो दाराच्या काचेला नाक लावून उभा. काचेवर त्याच्या नाकाचा तेलकट डाग राहिला होता. तो डाग बघून तिला रडू आलं.

"पुन्हा असं व्हायला नको," घरी आल्यावर ती म्हणाली.

"नकोच," तो म्हणाला.

२

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला सर्दी झाली होती. तो तर्जनीने नाक पुसायचा, तीच तर्जनी जिभेवर ओली करायचा आणि तिनेच पान उलटायचा. तिची नजर त्या बोटावरून हलेना. सह्या झाल्यावर त्याने ते बोट दोघांच्या नावांवरून सावकाश फिरवलं, वाचत असल्यासारखं. मागे एक ओला पट्टा राहिला, एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंत सलग, गोगलगाय गेल्यासारखा.

"झालं. आता कायद्याला तुम्ही दोघं वेगळी दिसणार नाही," तो म्हणाला. हा विनोद तो येईल त्या प्रत्येकाला ऐकवत असणार. हसायला जागा सोडायची सवय होती त्याला.

"सुटले बाई एकदाची," साक्षीला आलेली आई म्हणाली.

दुसरा साक्षीदार लिफ्टवाल्याबरोबर काम करणारा जाड्या. "चला, हा रीतसर अडकला. आता वरून कुणी कितीही बटण दाबू दे."

संध्याकाळी ती गुंडीला मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा कुलपात किल्ली फिरली. तो आत आला, बूट काढू लागला.

"बेल नाही वाजवलीस?"

"आता काय वाजवायची?" तो हसला. तीही हसली. हसताना तिच्या तोंडात त्या कारकुनाच्या बोटाची चव आली. आता ती चव तिला कुठून माहीत असणार, हे तिने स्वतःला नीट समजावून सांगितलं, आणि चूळ भरली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवरच्या साबणाचा तुकडा पडलेला होता.

पडलेला म्हणजे तोडलेला. तोडलेला म्हणजे चावलेला. वडीचा एक कोपरा सरळ तोंडात घालून, वरून खालून दात रोवून, तुकडा उपसून काढला होता. वरच्या अंगाला दातांच्या खुणा, खालच्या अंगाला दातांच्या खुणा, आणि खाचेत थुंकीचे बुडबुडे. थुंकी अजून सुकली नव्हती.

"उंदीर," ती म्हणाली.

"उंदराचं तोंड एवढं असेल तर भाडं त्यालाच भरू दे," तो दाढी करता करता म्हणाला.

"मग तू?"

"मी साबण कशाला खाऊ? स्वयंपाक एवढा वाईट नाही तुझा."

"झोपेत चालत वगैरे..."

"झोप कुठे देते तुझी पोरगी चालायला?"

एरवी ती यावर काहीतरी बोलली असती, तो उलट बोलला असता, आणि त्या साबणाचं महिनाभर पुरेल एवढं हसू झालं असतं. पण त्याने तोंड धुतलं आणि टॉवेल घेतला. कोणत्या साबणाने तोंड धुतलं ते तिने पाहिलं. त्याच. ओली जागा अंगठ्याने जराशी पुसून.

तिने वडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. टाकायला, असं तिला वाटलं होतं. ती तिच्या कामाच्या पिशवीत गेली.

४

साबण ठसा छान धरतो. तिने खाचेत पातळ प्लास्टर ओतलं, वर आणि खाली, आणि वाळेपर्यंत एका म्हातारबाबांची कवळी घासत बसली. मनात म्हणत होती, सिद्ध काय करायचंय तुला? नवरा साबण खातो हे? खात असेल. लोक खडू खातात, माती खातात.

प्लास्टर सुटलं. वरच्या पुढच्या दातांत फट होती, आणि फटीच्या उजवीकडच्या दाताला कडेला बारीकशी कातर. ती कातर तिने स्वतः घातली होती, टोपी फार नवी दिसू नये म्हणून. शिंप्याला स्वतःची शिवण कळते तसं तिला कळलं. हे त्याचे दात.

तिला हायसं वाटलं. म्हणजे तोच. म्हणजे डॉक्टर, गोळ्या, जे काय असेल ते.

मग तिने खालचा तुकडा उचलला. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, गर्दीत खांदा पुढे काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलीला पहिला साचा स्वतःच्या तोंडाचा करायला लावतात. तिचा अजून फळीवर होता. तिने तो काढला, शेजारी धरला. मग जिभेने स्वतःचे खालचे दात चाचपले.

मास्तर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन एकमेकांवर टेकवले.

"वरचं कुणाचं आणि खालचं कुणाचं? पुन्हा लग्न लावलंस का?" एकाच्या वरच्या जबड्यावर चुकून दुसऱ्याचा खालचा बसवला की मास्तर असं म्हणायचे. शिकाऊ असताना सगळ्यांच्या हातून ही चूक होते. चावा कधीच जुळत नाही, त्यावरून लगेच पकडली जाते.

"चुकलं असेल," ती म्हणाली.

"चुकलं कसलं," मास्तर तुकडे उघडझाप करत म्हणाले. "किती छान बसतंय बघ."

५

घरात एक बरं झालं होतं: कामं उरकायला लागली होती.

तिला वाटायचं त्याने केलं, त्याला वाटायचं तिने. बाटल्या धुतलेल्या असायच्या. गुंडीचे कपडे घडी केलेले असायचे. घडी अर्धी त्याच्यासारखी बोळा, अर्धी तिच्यासारखी कडेला कड. सकाळी तो गुंडीजवळ राही आणि ती लॅबला जाई, दुपारी ती आली की तो निघे. दारात दोघं भेटत, पण सांगायसारखं काही उरलेलं नसे. खाल्लं का तिने? खाल्लं. झोपली का? झोपली. बरं.

या "बरं"ची तिला शिसारी यायला लागली. त्याने तिला दातवाली म्हणणं सोडलं होतं. आता "अगं" म्हणायचा. तिनेही त्याला लिफ्टवाला म्हणून हाक मारून किती दिवस झाले, ते तिला आठवेना. जेवताना त्याच्या तोंडातला घास दिसायचा, मचमच ऐकू यायची, आणि ती खिडकीकडे बघत जेवायची. हाच माणूस, हेच तोंड, याच तोंडावर मी जीव टाकला होता. तोही तिच्या दुधाने आंबलेल्या गाऊनपासून जरा लांब बसायला लागला होता. ते तिने ओळखलं, आणि तिला रागसुद्धा आला नाही. आधी आला असता.

टॉवेल मात्र कधीच कोरडा नसायचा. दोघं घरात नसतानाही ओला, आणि कोमट. लोण्याच्या वडीवर दात उमटले. तिने तो भाग सुरीने कापून टाकला आणि उरलेलं लोणी, देवाशपथ, वापरलं. एकदा कंगव्यात एक केस निघाला. मुळापासून मध्यापर्यंत जाड, काळा, राठ. तिथून टोकापर्यंत तिचा, बारीक आणि तांबूस. तिने जोडाची जागा नखाने खरवडली. जोड नव्हताच. तो केस बोटाला चिकटला, झटकला तरी जाईना, शेवटी तिने तो भिंतीला पुसला.

आई आली होती तेव्हा तिने विषय काढला, घाबरत घाबरत.

"आई, लग्नानंतर तुला कधी... किळस यायची?"

आई गुंडीसाठी लोकरीचं काहीतरी विणत होती. "येते गं सुरुवातीला. मग आपली वाटते."

"म्हणजे बाबांची?"

"बाबांची कशाला?" आईच्या सुया थांबल्या नाहीत. "तुझे बाबा बिचारे कधी घरात असायचे?"

बऱ्याच वेळाने आई आपण होऊन म्हणाली, "आमच्याकडे साबण डबीत असायचा. झाकण लावून. उघडं काही ठेवू नये."

६

गुंडीच्या दंडावर वण दिसला तेव्हा दुपार होती आणि तो बूट घालून निघायच्या बेतात होता. वण लाल नव्हता. दात रुतवले नव्हते. लाडाने तोंडात धरून ठेवल्यासारखे हलके अर्धगोल, वर एक, खाली एक, आणि मधली कातडी ओली. सगळेच बाळांना असं करतात. खाऊ का गं तुला, असं म्हणत. तीही करायची, तोही करायचा.

"हे तू केलंस?"

त्याने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तू केलं असशील."

"वरचे तुझे आहेत. खालचे माझे आहेत."

तो लेस बांधत राहिला. तिला वाटलं होतं तो हसेल, किंवा तिच्या कपाळाला हात लावून बघेल. त्याने काहीच केलं नाही, आणि मग तिला कळलं की त्याला माहीत आहे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या सकाळपासून. मी दाढी करत होतो ना, तेव्हा आरशात न्हाणीच्या पडद्यामागे..." तो थांबला. "काही करत नाही गं ते. भांडत नाही, रुसत नाही. पोरीला बघतं. आपल्यापेक्षा बरं बघतं."

"मला नकोय. आपण ती नोंदणी रद्द करून टाकू. आधी होतो तसे राहू."

"आणि पुन्हा तुला दवाखान्यात नेलं तर? पुन्हा मी काचेबाहेर?"

तिला फक्त त्या काचेवरचा डाग आठवला, आणि तो डाग किती आपला होता ते.

"मला तू हवायस," ती म्हणाली. "त्यात तू आहेस अर्धाच."

तो उठला. दाराशी त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, अगदी पूर्वीसारखं, पण तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कुणीतरी नळ बंद केला, आणि त्याची नजर खाली गेली.

७

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा लॅबमध्ये त्याचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"तातडीचं काम निघालं, माणसं अडकलीयत लिफ्टमध्ये. मी निघालोय."

"निघालोय म्हणजे? गुंडी कुठाय?"

"घरात."

"एकटी?"

"एकटी कुठे?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच नवल होतं.

ती हातमोज्यांसकट धावली. जिन्यात तिच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज येत होता. दार उघडलं तेव्हा आत आंघोळीच्या पाण्याचा वास होता, आणि कुणीतरी गुणगुणत होतं. गुंडीला झोपवताना ती गुणगुणायची ते, तिच्या आवाजात, आणि त्याच्या बेसूर आवाजातही. दोन्ही आवाज एकाच घशातून येत होते आणि एकमेकांच्या वाटेत येत नव्हते.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. टबात गुंडी आडवी होती आणि वर बघून बोळकं पसरून हसत होती. गुंडी तशी तिला बघून हसायची. टबावर एक पाठ ओणवली होती. एक खांदा रुंद, केसाळ. दुसरा अरुंद, उतरता, त्यावर तिच्या स्वतःच्या लसीची खूण. मधोमध, मणक्यावरून, कातडीला एक ओला पट्टा होता. तो चमकत होता. हात गुंडीच्या मानेखाली अगदी बरोबर धरलेला होता. नर्सने शिकवूनही तिला जसा जमला नव्हता तसा.

"आलीस?" ते न वळता म्हणालं. "पाणी कोमटच ठेवलंय."

तिने गुंडीला उचललं. कसं उचललं ते तिला नंतर सांगता आलं नाही. हाताला काहीतरी मऊ, बुळबुळीत, ओळखीचं लागलं, आणि ती बाहेरच्या खोलीत होती. गुंडी ओली, साबणाने माखलेली, फुफ्फुसं फाडून रडत होती. दोन्ही हात न्हाणीघराकडे पसरून.

ते मागे आलं नाही. आत पाणी ओतून द्यायचा आवाज आला, मग टब पालथा घालण्याचा. मग फडकं पिळण्याचा.

८

तो येईपर्यंत तिने बॅग भरली होती. त्यात गुंडीचे कपडे आणि त्याचे थोडे. स्वतःचे भरायचं तिच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं.

"चल," ती म्हणाली. "आपण तिघं. कागद असू दे कार्यालयात, घर असू दे त्या आतल्याला. कुठेही राहू. तुला यायचंय का, एवढंच विचारतेय."

तो बॅगेकडे बघत राहिला. कामाने काळे झालेले हात त्याने पँटला पुसले, आणि तिच्या गालाला लावले. ग्रीसचा वास आला. कितीतरी दिवसांनी तिला त्याची किळस वाटली नाही. त्याचे डोळे भरले होते.

"लिफ्टवाल्या," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं.

"येतो ना," उत्तर आलं. ते आतल्या खोलीतून आलं. त्याचंच बोलणं, त्याच्याच लकबीचं. फक्त त्याचे ओठ हलले नव्हते. तो तसाच उभा होता, तोंड उघडं ठेवून, शब्द कुठे गेला ते शोधत असल्यासारखा. मग तो खाली बसला आणि बुटाची लेस सोडू लागला.

"अरे," ती म्हणाली. "अरे, ऐक."

तो लेस सोडत राहिला. गाठ बसली होती. तो ती धीराने सोडवत होता.

तिने गुंडीला खांद्यावर घेतलं, बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. रडून रडून गुंडीला उचकी लागली होती. पहिल्या वळणाशी वर दार लागल्याचा आवाज झाला. मग पायऱ्यांवर पावलं. आपण समजतो तोच असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बूट काढून आला असेल, म्हणून असे अनवाणी, चिकट वाजतायत पाय. एक जड वाजतोय, एक हलका, ते लंगडत असेल म्हणून. दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उभा असतो माणूस, पाय दुखत नसेल का? असली कारणं तिला छान सुचायची.

वळून बघितलं असतं तर कळलं असतं. तिने बघितलं नाही. न बघता जोवर चालत होती, तोवर मागे तोच होता.

गुंडीची उचकी थांबली. ती तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. आधी हुंकारली, मग खुदकन हसली आणि दोन्ही हात लांब केले. कोमट, ओलसर बोटांनी मागून पोरीच्या पायातला निसटलेला मोजा वर सरकवला, काळजीने, टाचेपर्यंत नीट.

ओकारी तिच्या घशापर्यंत आली. ती तिने गिळली. पोरगी गप्प राहिली पाहिजे होती. पुढची पायरी तिने जरा हळू उतरली, मागच्याला गाठता यावं म्हणून.